तीन गिगाहर्ट्झ आणि ताटांची चळत

मित्रांनो, नांगराचं, छत्रीचं, शाळेच्या घंटेचं मनोगत तुम्ही परीक्षेत लिहिलं असेल. माझं कुणी विचारत नाही. मी संगणकाच्या डब्यात बसून राबलो आणि कौतुक पडद्याचं झालं. मी एक जुना प्रोसेसर आहे. संगणकाचा मेंदू म्हणतात तो. सध्या मुक्काम आखाडा बाळापूर, स्क्रूंची पत्र्याची डबी.

माझा जन्म परदेशातला. तिथल्या कारखान्यात धुळीलासुद्धा प्रवेश नव्हता. तिथून २००७ साली नांदेडच्या एका दुकानात आलो. माझ्या खोक्यावर वेग लिहिला होता, तीन गिगाहर्ट्झ. शेजारच्या खोक्यावर एक पॉइंट आठ, आणि खाली बारीक अक्षरांत ‘दोन कोअर’. कोअर म्हणजे आतला काम करणारा गडी. माझ्यात एकच, पण पळणारा. त्याच्यात दोन, जरा सावकाश चालणारे.

प्रज्ञेश नावाचा तरुण आला. बाळापूरला लग्नांच्या व्हिडिओचं मिक्सिंग करायचा. दुकानदार म्हणाला, दोन गड्यांचा घ्या. प्रज्ञेश हसला. “तीन सोडून एक पॉइंट आठ घेऊ? मला काय येडा समजून राहिले का?” आमच्याकडे ट्रॅक्टरसुद्धा हॉर्सपॉवर विचारून घेतात. ज्याचा आकडा मोठा, तो मोठा.

प्रज्ञेशनं दुकानाच्या पाटीवर ‘३.० ची मशीन’ असं रंगवून घेतलं. कशाचे तीन, हे कुणी विचारलं नाही. मान मात्र मिळाला.

खरं सांगायचं तर एकट्या गड्याला एका वेळी एकच काम येतं. दोन दिली की तो थोडं ह्याचं, थोडं त्याचं असं इतक्या चपळाईनं करतो, की बघणाऱ्याला दोन्ही चालल्यासारखी दिसतात. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

त्या उन्हाळ्यात शेजारच्या खेड्यातून सोजराबाई आल्या. पिशवीत लेकीच्या, सपनाच्या लग्नाची चौऱ्याण्णव सालची कॅसेट. त्यांचा नवरा ग्यानोबा हिवाळ्यात वारला होता. त्याचा एकही फोटो नव्हता. कॅमेरा दिसला की “माझा कशाला” म्हणत बाजूला होणारा माणूस. फक्त ह्या कॅसेटमध्ये, जेवणावळीत, तो सापडला होता. तेवढं त्यांना सीडीवर हवं होतं.

प्रज्ञेशनं फितीवरची बुरशी पुसली. “मावशी, फीत सडून गेली. एकदाच चालंल.”

“एकदाच बास,” त्या म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या.

कॅसेट लागली. चित्र येईल तसं मी त्याच घडीला उतरवून घ्यायचं. फीत कुणासाठी थांबत नाही. मांडव आला, सपना आली. तेवढ्यात बाहेर जीप चालू ठेवून उद्धवराव आत आले. त्यांच्या लेकीच्या, अबोलीच्या लग्नाच्या व्हिडिओत तिचं नाव सोनेरी अक्षरांत फिरायचं राहिलं होतं, आणि ती सीडी घेऊन जाणारे पाहुणे निघाले होते.

प्रज्ञेश म्हणाला, “अर्धा घंटा थांबा, उद्धवराव. कॅसेट चालू हाय.”

उद्धवराव पाटीकडे वळून बघत म्हणाले, “तीन लिवलंय, अन् एका कॅसेटीपायी मला उभं करून राहिला व्हय? मग पुसून टाक ते.”

प्रज्ञेशला ते लागलं. त्यानं दुसरं काम सुरू केलं. पडद्यावर अबोली फिरू लागली. सोजराबाईंनी विचारलं, माझं कुठं गेलं? तो म्हणाला, “खालीच चालू हाय, मावशी.” एका चादरीखाली दुसरी असते, तसं त्यांना वाटलं असावं. त्या सोनेरी अक्षरांकडे बघत बसून राहिल्या.

मी एक अक्षर वळवून फितीकडे येत होतो, अक्षराची सावली पाडून पुन्हा येत होतो. येईपर्यंत फीत पुढं गेलेली असायची. उद्धवराव आपली सीडी घेऊन गेले. थोड्या वेळानं फीत व्हीसीआरमध्ये गुंतली आणि तुटली.

मग सीडी लावून पाहिली. जेवणावळ आली आणि ताटांच्या एका चळतीवर चित्र थिजलं. आवाज मात्र चालूच होता. ग्यानोबाचाच. “तिकडं काय उभी? तू बी ये न्हाई का फोटूत.” चित्र पुन्हा हललं, तेव्हा पंगत उठली होती.

“सपनाचे बाप कुठं हायेत?”

प्रज्ञेशनं मागंपुढं करून पाहिलं. “हितंच होते, मावशी,” तो म्हणाला.

“आणखी एकदा लाव.”

ह्यावेळी ती हाक आली तशा सोजराबाई स्टुलावरून उठल्या. पदर सारखा केला. ताटांच्या चळतीसमोर चित्र हलेपर्यंत उभ्या राहिल्या, मग बसल्या.

त्या गेल्यावर प्रज्ञेशनं पाटीवरचा आकडा स्वतःच खरवडून काढला. पुढच्या लग्नसराईला तो दोन गड्यांचा प्रोसेसर घेऊन आला, आणि मी डबीत आलो. आमच्या जातीला स्मरणशक्ती नसते, ती शेजारच्या मेमरीच्या पट्टीत असते. तरी हे मला कसं आठवतं, ते विचारू नका.

मित्रांनो, मशीन घेताना नुसता आकडा बघू नका, आत गडी किती तेही विचारा. हे तुम्हाला कुठलाही दुकानदार सांगेल. माझी विनंती वेगळी आहे. घरात, शेतात, कचेरीत एखादा झपाट्यानं काम करणारा असतो, आणि त्याला होतंय म्हणून सगळे त्याच्यावरच टाकतात. टाकण्याआधी त्याच्या हातात काय आहे, ते बघा. ते पुन्हा चालणारं नसेल, तर जीप थोडा वेळ उभी राहू द्या.