खेकडे दिव्याचे, तक्ता मुंबईचा

आमच्या दिवा गावात माणसांच्या आंघोळीला पाणी नाही, आणि आमच्या मोरीत आठ खेकडे टबात ऐसपैस राहत होते. माझी धाकटी बहीण रचना हिचा एमएस्सीचा प्रोजेक्ट. खेकड्यांच्या अंगातच घड्याळ असतं म्हणे. ओहोटीला चिखल उघडा पडला की ते त्यावर चरायला निघतात, आणि खाडीपासून लांब, सारख्या मंद उजेडात ठेवले तरी त्याच वेळेला धावाधाव करतात. हे तिला सिद्ध करायचं होतं. बारा दिवस आम्ही आळीपाळीने वहीत नोंदी केल्या. मी कुरकुरत, पण केल्या.

खेकडे धावायचे, आणि ओहोटी सरकते तसे रोज पाऊणएक तास उशिरा. पण भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहिलं की दरवेळी दोन तास मागे.

"दोन तास चुकतं त्याला घड्याळ म्हणत नाहीत," कल्याणच्या कॉलेजातले विनीत सर म्हणाले. "सोमवारी ठोस काही दाखव, नाहीतर पुढच्या वर्षी नवा विषय."

रचना घरी येऊन ढसाढसा रडली. मला त्या खेकड्यांचं कालवण करावंसं वाटलं.

रविवारी ती त्यांना झाकणाच्या बादलीतून खाडीवर सोडायला निघाली. मीही गेले. तक्त्यात ओहोटी अकराची. अकराला पोचलो, तर काठाला हातभर चिखल आणि पुढे पाणीच पाणी. तिथेच जाळं सांधत बसलेले म्हातारे मच्छीमार धाकूमामा हसले.

"कुठला कागद बगून आल्याव गो?"

रचनाने मोबाइल दाखवला.

"यो तं मुंबयचा! तिथलं पानी हितवर याला-जायला दोन तास लागतान. आमचे खारीची ओटी एक वाजता."

रचनाने बादलीचं झाकण घट्ट दाबलं. मग म्हणाली, "ताई, झाकण उघडू नकोस. थांबू या."

साडेबाराला बादलीत खरखर सुरू झाली. एक वाजता आठही जण आतून असे आपटत होते की झाकण हलायला लागलं. समोर चिखल उघडा पडला होता आणि त्यावर त्यांचे हजारो भाऊबंद फिरत होते.

"हे चुकलेच नव्हते गं ताई!" रचना चिखलातच नाचायला लागली. "आपणच परक्या गावचं घड्याळ लावलेलं!"

घरी येऊन तिने बाराही दिवसांच्या नोंदी मामांच्या हिशेबाने पुन्हा लावल्या. एकूण एक जुळल्या.

सोमवारी मीही तिच्याबरोबर कॉलेजात गेले. भरल्या वर्गात विनीत सरांनी आलेख दोनदा पाहिला. "म्हणजे तक्ता चूक?"

"नाही सर. तक्ता मुंबईचा आहे. खेकडे दिव्याचे."

"आणि ह्या वेळा कुणी दिल्या?"

"धाकू म्हात्रे. चाळीस वर्षं ह्याच खाडीत आहेत."

सरांनी आलेख टेबलावर ठेवला. मग पेन पुढे करत म्हणाले, "मग त्यांचं नाव लिही वर. माझ्या नावाच्या आधी."

मागच्या बाकावरून सगळ्यांत जोरात टाळ्या मीच वाजवल्या.