जावयासमोरचा प्रश्न

“खोटं का सांगितलंत, मावशी?”

डॉक्टरांनी एवढंच विचारलं आणि झुंबरबाई कांबळेचं डोकं फिरलं. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता, आतड्यात नळी घालून तपासणी झालेली, अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं. तरी ती खुर्चीतून उठली.

“कोण खोटं बोललं? मी?”

“हे बघा की.” डॉक्टरांनी कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला. माणूस तरुण होता, आवाजात राग नव्हता, हळहळच होती. “शौचातून रक्त जातं का, असं आमच्या ॲपनं तुम्हाला दर महिन्याला विचारलंय. दर महिन्याला तुमचं उत्तर ‘नाही’. वर मिरचीचं काम करता म्हणालात. म्हणून त्यानं पित्त धरलं. पहिल्यांदा विचारलं तेव्हाच हो म्हणाला असतात तर नळीतूनच कापून काढलं असतं. आता गाठ मोठी झालीय. आतड्याचा भाग काढावा लागेल. आणि पोटाला पिशवी लागेल. कायमची.”

कोपऱ्यात तिची लेक श्रुती पदर तोंडात कोंबून रडत होती. जावई प्रसेनजीत भिंतीला टेकून खाली बघत उभा होता.

झुंबरबाई फुलेवाडीत विजेच्या डंकावर चटणी कुटायची. नवरा गेल्यापासून तेच काम. उन्हाळ्यात बायका संकेश्वरी मिरची, खोबरं, लसूण घेऊन रांगेत बसायच्या आणि डंकाच्या दणक्यापुढं एकमेकींशी ओरडून बोलायच्या. त्या आवाजानं झुंबरबाईचे कान अर्धे गेले होते. पोट दुखायला लागलं तसं सगळी गल्ली एकच सांगायची, एवढी मिरची नाकातोंडात गेल्यावर दुसरं काय होणार? तिलाही ते पटलं होतं. पहिल्यांदा रक्त दिसलं तेव्हा उष्णता झाली म्हणून तिनं ताक प्यायलं, सब्जा खाल्ला आणि गप्प बसली.

जावई गुणाचा. त्याला नावं ठेवायला जागा नाही, हीच तर पंचाईत! गडहिंग्लजला शाळेवर शिक्षक. सासूचं पोट दुखतंय म्हटल्यावर त्यानं दवाखान्याचं ते एआयचं ॲप स्वतःच्या मोबाईलवर घेतलं. घरबसल्या प्रश्न विचारतं, कुणाला लगेच बोलवायचं, कुणाला गोळीवर ठेवायचं ते सांगतं. सासूकडं बटणांचा फोन. मग दर महिन्याला एका रविवारी तो एसटीनं यायचा, स्टुलावर मोबाईल ठेवायचा, आणि मामींना ऐकू यावं म्हणून आवाज पूर्ण वाढवायचा.

पहिल्या वेळी त्याचे वडीलही आले होते. इवाई कॉटवर, जावई समोर, श्रुती आत चहा करत होती. मोबाईलमधली बाई गोड आवाजात म्हणाली, “आपण तिखट खाता का?”

“तिखट खाऊ नको तर काय पेढं खाऊ?” झुंबरबाई म्हणाली आणि सगळे हसले.

मग तीच बाई, त्याच गोड आवाजात, अंगणात ऐकू जाईल अशी म्हणाली, “आपल्या शौचातून रक्त जाते का?”

जावयानं पंख्याकडं बघितलं. इवाई खाकरले. झुंबरबाईनं पदर कपाळावर ओढला. ज्या माणसासमोर ती कधी पाय पसरून बसली नव्हती, ज्याच्या बापासमोर उभ्यानं दोन शब्द बोलताना अवघडायची, त्यांच्यासमोर ती काय सांगणार होती? संडासातलं?

“न्हाय,” ती म्हणाली.

आणि एकदा नाही म्हटल्यावर पुढच्या महिन्यात हो कोणत्या तोंडानं म्हणायचं?

बाईनं तिखट बंद करायला सांगितलं, पित्ताची गोळी सुचवली. चटणी कुटणारी झुंबरबाई महिनोन्‌महिने दूधभात खात राहिली, गल्लीनं थट्टा केली तीही सोसली. शेवटी भर दुपारी डंकावर चक्कर येऊन पडली. अंगात रक्तच उरलं नव्हतं. तेव्हा कुठं हा दवाखाना आणि ही नळी.

आता ती डॉक्टरांच्या टेबलावर हात आपटून ओरडत होती.

“तुमच्या त्या बाईनं येकदा तरी इचारलं का, खोलीत कोण कोण बसलंय? तुमच्या आईला बसवा तुमच्या दाजीफुडं, आन ह्योच सवाल घाला! काय सांगंल ती? सांगा की!”

“मावशी, यंत्र आहे ते. त्याला हे कसं कळणार? पण हुशार आहे हो. आज नळी आत गेल्यावर इथल्या पडद्यावर माझ्याआधी त्यानंच गाठीभोवती चौकट काढून दाखवली.”

“आत गेल्यावर दावलं व्हय! लई उपकार झालं!”

“मामी,” प्रसेनजीत भिंतीपासून पुढं झाला. त्याचे डोळे भरले होते. “माझंच चुकलं.”

झुंबरबाईनं त्याच्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ डोळ्यांत बघितलं.

“तुमी तेवढं भाईर जाया पायजे हुतं,” ती म्हणाली. “लेकीच्या हातात फोन देऊन भाईर जाया पायजे हुतं. सवाल ऐकून मान वर केली, पर उटला न्हाय.”

 

ऑपरेशन झालं. पोटाला पिशवी आली. डंकावर दुसरी बाई लागली, आणि मालकानं ते सांगायला माणूस पाठवला, स्वतः आला नाही. झुंबरबाई माणसांत बसायची बंद झाली. वास येतोय की काय या धास्तीनं ती लग्नाला जाईना, बारशाला जाईना. राग मात्र तसाच राहिला.

तपासणीसाठी ती परत दवाखान्यात आली तेव्हा श्रुती औषधं आणायला गेली होती. समोरच्या बाकावर गगनबावड्याकडची एक बाई बसली होती, बाळाबाई नावाची, वाळून काडी झालेली. काउंटरवरच्या मुलीनं नंबर लागायच्या आधी मोबाईलवर प्रश्नांची उत्तरं भरायला सांगितली होती. मोबाईल तिच्या दिराच्या हातात होता आणि तोच गोड आवाज चालू झाला होता.

बाळाबाईचा हात पदराकडं गेला.

झुंबरबाई पोट धरून उठली. “अवो पावणं, त्यो फोन हिकडं द्या आन भाईर व्हा.”

“कोण तुमी?”

“कोण का आसंना. च्या पिऊन या जावा.”

“आमच्या वैनीचं आमी बघतोय न्हवं?”

“माझंबी असंच बघितलं हुतं!” झुंबरबाई कडाडली. अख्खं दालन तिच्याकडं बघायला लागलं. ज्या बाईला माणसांत बसायची लाज वाटत होती, ती सगळ्यांच्या मधोमध उभी होती. “पोटाला पिशवी लागली बघून बघून! उटा!”

दीर उठला. चपला ओढत, पुटपुटत, पण गेला.

झुंबरबाई बाळाबाईला खेटून बसली. फोन दोघींच्या मध्ये धरला. रक्ताचा प्रश्न पुन्हा आला. बाळाबाईनं हळूच मान हलवली.

“उत्तर ऐकू आले नाही,” फोन म्हणाला.

“तोंडानं सांग, बाई. मान हलवल्याली दिसत न्हाय तिला.”

बाळाबाईनं दाराकडं बघितलं. दीर नव्हता.

“व्हय,” ती म्हणाली. “जातंय. लई दिस झालं.”

फोन पुन्हा काहीतरी बोलला. झुंबरबाईला नीट ऐकू आलं नाही.

“काय म्हणली गं?”

“आजच डॉक्टरला भेटा म्हणली. थांबू नका म्हणली.”

झुंबरबाईनं फोन बाळाबाईच्या मांडीवर ठेवला. हे वाक्य फोनमधल्या त्या बाईला येत होतं तर.