रिठदच्या लग्नाला न नेलेली फाइल

मी बटणाची एक निळी फाइल बोलतेय. रिठदहून फोन आला त्या मंगळवारी मी फ्रिजवर पडून होते. रत्नमालाबाई तुरीच्या डाळीतले खडे निवडत होत्या. त्यांची मुलगी धम्मदीपा जिन्यात बसून अभ्यास करत होती. खाली कुणीतरी मोटारसायकल धूत होतं.

पहिला फोन बाराच्या सुमारास आला. रत्नमालाबाईंचे यजमान माणिकराव लग्नातूनच बोलत होते.

"आमदार साहेब आले अठी. माह्यापासून दोन खुर्च्या सोडून बसून राह्यले. अन् फाइल कुठं? तुमच्या फ्रिजवर!"

"मंग तोंडानं सांगा ना."

"तोंडानं सांगतलेलं त्याईले कायले आठवते?" ते हसले आणि त्यांनी फोन ठेवला.

दुसरा फोन तासाभराने आला. आवाज माणिकरावांचा नव्हता. ते पंगतीतून उठले, हात धुवायला निघाले आणि भिंतीला टेकून खाली बसले. वाशीमच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला माहीत नाही. वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या मालेगावच्या बसस्टँडजवळ स्टेशनरीचं एक दुकान आहे, तिथपासूनचं आठवतं. माणिकरावांनी मला आणलं ते धम्मदीपाच्या गुणपत्रिकांसाठी. तेव्हा ते एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी गुणपत्रिका कपाटात ठेवल्या आणि माझ्यात वॉर्डाचे कागद भरले.

मागणी एकच होती. वॉर्डातल्या रिकाम्या जागेवर मुलामुलींसाठी अभ्यासिका. आमच्या वॉर्डात दोन खोल्यांत सहा-सात माणसं राहतात. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं विहाराच्या ओट्यावर बसतात, मुली जिन्यात. जागा होती, ठरावही झाला होता. आमदारांनी आपल्या निधीतून हे काम सुचवल्याचं एक पत्र कलेक्टर ऑफिसला जायला हवं होतं. एवढंच राहिलं होतं.

त्या एका पत्रासाठी अडीच वर्षं मी माणिकरावांच्या काखेत फिरले. सकाळची एसटी, मग आमदारांच्या संपर्क कार्यालयातली खुर्ची. निघताना ते माझं बटण दोनदा टकटक वाजवायचे, कंडक्टर डबल बेल देतो तसं. तिथे बसलेल्या माणसांच्या मांडीवर माझ्यासारख्याच फायली असत. वाट पाहणारा माणूस फाइल उघडतो, आतला कागद वाचतो आणि पुन्हा बंद करतो. कागद पाठ असला तरी वाचतो.

साहेब भेटले की फोटो व्हायचा. निवेदन मधे धरायचं आणि आलेल्या प्रत्येकाचा हात त्या कागदाला लागला पाहिजे. मागच्या माणसाचा हात पुरत नसेल तर तो दुसऱ्याच्या खांद्यावरून बोटं पुढे करायचा. फोटो झाला की कागद पीएकडे जायचा आणि शिक्का मारलेली दुसरी प्रत माझ्यात परत यायची. अशा सात प्रती माझ्यात आहेत.

पीए गोविंदसिंग स्वभावाने वाईट नव्हता. चहा पाजायचा.

"मानिकभाऊ, कागद आत गेला समजा."

"समजू कायले? गेला का नाई ते सांगा."

"तुमी कंडक्टर होते ना? गाडी फलाटाले लागल्याबिगर निंघते का?"

"नाई निंघत. पन किती लेट हाये ते आमी पब्लिकले सांगत होतो."

सगळे हसायचे. माणिकरावही हसायचे आणि परतीची बस पकडायचे.

कार्यालयात जमत नाही ते लग्नात जमतं, असं त्यांच्या लक्षात आलं होतं. साहेब कुठलं लग्न चुकवत नाहीत. दहा मिनिटं बसतात, नवरानवरीवर अक्षता टाकतात आणि त्या दहा मिनिटांत पीए आड येत नाही. म्हणून मी मेडशीला दोन लग्नं पाहिली, मालेगावात चार. रिठदला माणिकरावांच्या एसटीतल्या जुन्या ड्रायव्हरच्या मुलीचं लग्न होतं. सकाळी त्यांनी मला पिशवीत घातलं आणि रत्नमालाबाईंनी बाहेर काढलं.

"लग्नाले जाऊन राह्यले का कचेरीले? लोक हासतेत. एक दिवस तरी पाव्हन्यासारखे जा."

ते नवा शर्ट घालून निघाले.

पाचव्या दिवशी साहेब घरी येणार असल्याचा निरोप आला. सांत्वनाला. अडीच वर्षं ज्यांच्या दारात आम्ही बसलो, ते आमच्या दारात येणार होते. धम्मदीपाने मला फ्रिजवरून काढलं, पुसलं आणि आईच्या मांडीवर ठेवलं.

"आई, त्याईच्या हाती दे. बाबाचं काम हाये."

कोपऱ्यात माणिकरावांची आई भागिरथाबाई बसल्या होत्या. 

"आज नाई वं रत्ना," त्या म्हणाल्या. "माह्या पोराच्या मरनाचं निवेदन नोको करू."

रत्नमालाबाईंनी मला पदराखाली घेतलं.

साहेब आले. जयभीम घातला, सतरंजीवर मांडी घालून बसले. माणूस फार चांगला होता, परवाच लग्नात पाहिलं होतं, म्हणाले. त्यांचा गुडघा माझ्यापासून हातभरही लांब नव्हता. पदराखाली रत्नमालाबाईंची बोटं माझ्या बटणावर होती. ते उघडल्याचा आवाज मला आला, दुसऱ्या कुणाला आला नसेल.

उठताना साहेब म्हणाले, "ताई, काही काम असेल तर संकोच करू नका. सांगा."

धम्मदीपाने आईकडे पाहिलं. भागिरथाबाईंनी भिंतीकडे.

"काई नाई साहेब," रत्नमालाबाई म्हणाल्या. "तुमी आले, लय झालं."

गाड्या गेल्या. धम्मदीपा आत गेली. माझं बटण उघडंच होतं. रत्नमालाबाईंनी पहिली प्रत काढली, तिच्यावरची माणिकरावांची सही पाहिली आणि पुन्हा आत ठेवली.

"म्या त्या दिवशी नेऊ देली असती तं," त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या कळलं नाही, घरात मीच जवळ होते.

त्याला आता पाच आठवडे झाले. या वर्षाची कामं मार्चअखेरपर्यंतच सुचवता येतात आणि मार्च संपायला नऊ दिवस आहेत. धम्मदीपाने दोनदा विचारलं, "मी जाऊ का घेऊन?" आई दोन्ही वेळा म्हणाली, "मीच जाईन." सकाळची बस घरासमोरून जाते तेव्हा त्या दारात येतात. हातात मी नसते.

मी तशा कित्येक फायलींपैकी एक. मला काही मागायचं असेल तर इतकंच, की कुणीतरी मला खाली काढावं. आई, लेक, आजी, कुणीही. मला एकटीला बसमध्ये चढता येत नाही.

माणिकरावांनंतर ते पत्र अजून कुणी मागितलेलं नाही.