पाळण्यातला देश आणि त्र्यंबकदादाची आमटी

या, असे पुढं सरकून बसा. मागं बसलेल्याला गोष्ट अर्धीच मिळते आणि डास पूर्ण मिळतात. देवाचं नाव घेऊन सांगते, तेव्हा खरी वाटली तरी हसा आणि खोटी वाटली तरी हसा, पण मध्येच उठू नका. एका स्वयंपाक्यानं आमटी बिघडवून देश एक कसा केला, आणि तो देश पुढं सिंगापुरात एका शनिवारी पाळण्यात कसा निजला, त्याची ही गोष्ट.

साल दोन हजार पंधरा. सिंगापूरनं आदल्याच आठवड्यात आपली पन्नाशी साजरी केली होती. गॅलऱ्यांतले लाल-पांढरे झेंडे अजून उतरले नव्हते. त्यात आपला पंधरा ऑगस्ट शनिवारी आला. बुकित तिमाहच्या कॉन्डोत राहणाऱ्या श्रीनिवासनं खालची फंक्शन रूम बुक केली, दुपारी दोन ते पाच. कशाला? कीर्तनाला!

श्रीनिवास वन-नॉर्थ भागातल्या एका कंपनीत मॅनेजर. त्याला स्वतःला कीर्तनाची गोडी बेताचीच. हट्ट होता त्याच्या आजीचा. जयाआजी मूळची सिन्नरची, वय त्र्याऐंशी, नातवाकडं महिनाभर राहायला आलेली आणि सोमवारच्या विमानानं परत जाणारी.

"श्रीन्या, तो तोंडातून पाणी टाकणारा सिंह मला नको दाखवूस," ती आल्या दिवशीच म्हणाली होती. "मला या गावात एक कीर्तन ऐकव. आणि त्यात माझ्या दादाचं नाव घ्यायला लाव. मग मी मरायला मोकळी."

"आजी, मरायला मोकळी काय? रिटर्न तिकीट काढलंय तुझं."

दादा म्हणजे आजीचा थोरला भाऊ, त्र्यंबक. इंग्रजांच्या पलटणीत स्वयंपाकी म्हणून बोटीनं इथं आला. सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं तसा कैदेत गेला, तिथून आझाद हिंद सेनेत शिरला, आणि परत घरी आलाच नाही. जयाआजी तेव्हा परकरातली पोर. दादाचं लग्न नव्हतं, मूलबाळ नव्हतं, कुठल्या भिंतीवर त्याचं नाव कोरलेलं नव्हतं. आजीचं म्हणणं एवढंच, की ज्या गावात त्याचं नाव बुडालं त्याच गावात ते एकदा कीर्तनात निघावं. "कीर्तनात घेतलेलं नाव देवाला ऐकावंच लागतं," ती म्हणायची. "टाळ-मृदंगात त्याला तरी झोप कुठली लागायला!"

तेव्हा कीर्तनकार शोधायला हवा. सिंगापुरात कीर्तनकार म्हणजे शशिकांतबुवा. तसे ते मरीन इंजिनिअर, सहा महिने बोटीवर आणि बोटीवरून उतरले की इथल्या हौगांग भागात घरी. वडिलांकडून त्यांनी जन्मात एकच कीर्तन शिकून घेतलं होतं, रामजन्माचं. पण ते असं गोड, की ऐकणाऱ्याचे डोळे भरून यावेत. अडचण इतकीच की बुवांना दुसरं काही येत नसे. विषय कोणताही द्या, शेवटी कुणीतरी जन्माला यायचं, पाळणा हलायचा आणि सुंठवडा वाटला जायचा. आदल्या पाडव्याला त्यांनी गुढी जन्माला घातली होती.

"बुवा, विषय स्वातंत्र्याचा आहे," श्रीनिवास जपून म्हणाला.

"मग देशाचा जन्म!" बुवांचा चेहरा उजळला. "पाच वाजायला पाच कमी असताना देश जन्मतो. पाळणा हलतो. मी त्र्यंबकरावांचं नाव घेतो, की लगेच आरती. काही काळजी करू नका आजी. माझा मुहूर्त आजवर चुकला नाही."

झालं, बुवांच्या साथीला पेटी वाजवणाऱ्या हौगांगच्या स्मितानं पाळणा आणायचा ठरला. तिनं तो एमआरटीतून, म्हणजे इथल्या मेट्रोतून आणला. रिकामा पाळणा कडेवर घेतलेली बाई बघून एक मुलगा लगबगीनं उठला आणि राखीव जागा दिली. स्मिता बसलीसुद्धा. पाळण्यात देश म्हणून ठेवायला नारळ हवा, तो आणायचं काम श्रीनिवासकडं. त्यानं सुपरमार्केटातून पांढराशुभ्र सोललेला, पिण्याचा नारळ आणला.

"याला शेंडी कुठाय?" बुवा.

"इथं असाच मिळतो बुवा. गुळगुळीत."

"असू दे," जयाआजी म्हणाली. "नुकतं जन्मलेलं बाळ. जावळ नसेल आलं अजून."

नारळाला तिरंगी टोपडं बांधलं, पाळण्याला मोगरा लावला, आणि कीर्तन उभं राहिलं.

पूर्वरंग तर असा रंगला की काय सांगू! जीव बंधनात कसा, सुटतो कसा, बुवा गात होते आणि आम्ही बायका डुलत होतो. मधल्या विसाव्याला आजीनं बुवांना बुक्का लावला, हार घातला. मग उत्तररंग. त्र्यंबक सिन्नरहून निघाला, मुंबईला बोटीत चढला, आणि घात झाला.

काय घात? अहो, बोट! इंजिनिअरच्या कीर्तनात बोट आली. त्र्यंबक बोटीवर चढला तो वर डेकवर थांबलाच नाही. बुवा त्याला थेट इंजिन रूममध्ये घेऊन गेले. बॉयलर कसा, त्याची वाफ कशी, पंप बंद पडला तर तळाचं पाणी कसं उपसायचं, सगळं तालासुरात. पेटी वाजवता वाजवता स्मितानं मान घड्याळाकडं केली. साडेचार वाजले तरी त्र्यंबक समुद्रातच.

शेवटी मागून कुणीतरी ओरडलं, "बुवा, बोट धक्क्याला लावा हो!"

बुवा भानावर आले आणि त्यांनी बोट अशी धक्क्याला लावली की दोन कडव्यांत सिंगापूर पडलं, त्र्यंबक कैदेत गेला, आणि बाहेर येऊन आझाद हिंद सेनेत भटारखान्यावर उभा राहिला. आता इथं खरी मेख होती. या फौजेत ठरलं की चुली वेगळ्या नकोत. शीख, पठाण, तमिळ, मराठा, सगळ्यांनी एका पातेल्यातलं खायचं. ही हकिगत आजीला दादाच्याच पलटणीतून परतलेल्या एका शेजाऱ्यानं सांगितली होती, आणि आजीनं ती बुवांना.

"आणि मंडळी," बुवांनी पदर कमरेला खोचावा तसं उपरणं खोचलं, "पहिल्या दिवशी त्र्यंबकरावांनी सगळ्यांसाठी आमटी केली. सिन्नरचा काळा मसाला नाही, तूप नाही, चिंच भलतीच. अशी बिघडली, अशी बिघडली, की शीख उठला, पठाण उठला, तमिळ उठला, मराठा उठला, आणि चौघांनी चार भाषांत एकच शिवी दिली! मंडळी, देशाचं एकमत झालं ते तिथं!"

हशा पिकला. जयाआजी तर डोळ्याला पदर लावून हसत होती.

"मग त्र्यंबकराव म्हणाले, बाबांनो, माझ्या एकट्याच्यानं नाही व्हायची. प्रत्येकानं आपल्या हातानं एकेक चिमूट टाका. तसा एकानं..."

दार उघडलं. सिक्युरिटीचे सेल्वम अंकल उभे होते. त्यांनी मनगटावर बोट ठेवलं. "फाइव्ह ओ'क्लॉक ऑलरेडी, सर."

तेवढ्यात माइकही गेला. इथं तो ऑफिसातून, वेळ झाली की आपोआप बंद होतो.

श्रीनिवास धावला. "अंकल, फाइव्ह मिनिट्स. आमचा देश अजून स्वतंत्र व्हायचाय."

"कधी होणार?"

"सत्तेचाळीसमध्ये. आत्ता चव्वेचाळीस चालू आहे."

"अय्यो!" सेल्वम अंकल म्हणाले. "तीन वर्षं वेटिंग? सर, नेक्स्ट पार्टी बाहेर उभी आहे."

खरंच होती. शेजारच्या ब्लॉकमधल्या लिम कुटुंबाच्या नातवाला महिना पूर्ण झाला होता. चिनी लोकांत तो दिवस मोठा. फुगे, तांबडी रंगवलेली अंडी भरलेल्या परड्या, पाहुणे, आणि आजीच्या कुशीत तांबड्या दुपट्यातलं बाळ. बाळ भोकाड पसरून रडत होतं.

आत जयाआजीचा चेहरा उतरला. तुम्हाला ठाऊक आहे, कथानायक संकटात असताना कीर्तन मोडू नये. इथं तर देश पारतंत्र्यात, आमटी चुलीवर आणि पाळणा हलवून घ्यायचं दादाचं नाव अजून राहिलेलं; कथेच्या ओघात आलेलं नाव आजीच्या हिशेबी नव्हतं. सोमवारी विमान.

"बुवा," ती कापऱ्या आवाजात म्हणाली, "राहू द्या ती चिमूट. देश जन्माला घाला!"

बुवांनी माइकविना आभाळाला टेकेल असा आवाज लावला. "आणि मध्यरात्री, मंडळी, बेड्या तुटल्या, देश जन्मला! उघडा पाळणा!"

स्मितानं मोगऱ्याची झालर बाजूला केली. पाळण्यात नुसतं तिरंगी टोपडं. देश गायब!

पाळण्यामागून सुर्र सुर्र असा आवाज आला. श्रीनिवासची आठ वर्षांची लेक इरा मांडी घालून बसली होती, हातात नारळ, नारळात स्ट्रॉ.

"इरा! ते काय केलंस?"

"आय वॉज थर्स्टी लाह," इरा म्हणाली. "बोट इतकी लाँग होती."

"अगं, तो देश होता!"

"मला कुणी टेल केलं नाही."

देश पिऊन संपला होता. बुवांनी उपरणं तोंडात धरलं. रडतात की हसतात कळेना. पण रिकामा पाळणा हलवणं अशुभ, हे तिथल्या एकूण एक बाईला ठाऊक, त्यामुळं दोरीला हात लावायला कुणी पुढं होईना. आणि पाळणा हलल्याशिवाय बुवांचं कीर्तन पुढं सरकेना. त्यांना तसंच येत होतं ना!

इतक्यात लिम आजी आत आल्या. त्यांनी मोगऱ्यानं सजवलेला पाळणा पाहिला, भोवती जरीच्या साड्या नेसलेल्या बायका पाहिल्या, आणि त्यांचा चेहरा फुलला. त्यांना वाटलं, शेजाऱ्यांनी हे सगळं आपल्या नातवासाठी मांडलंय. "सो काइंड, सो काइंड!" म्हणत त्यांनी बाळ सरळ पाळण्यात ठेवलं.

बाळ गप्प झालं.

मग बुवांनी टाळी दिली, स्मितानं सूर धरला, आणि बायकांनी दोरी ओढली.

"हलवा गं हलवा, देश तान्हा आमचा! कालच सुटला, आज हसला, देश तान्हा आमचा!"

बाळ खरंच हसलं. पोटात गॅस झाला असेल, पण आम्ही ते हसूच धरलं.

"आता नाव!" बुवा ओरडले. "आत्या कोण? कानात नाव आत्यानं सांगायचं!"

नेमके इथं बुवा चुकले. राष्ट्रजन्माच्या कीर्तनात ते त्र्यंबकचं नाव स्वतः घेणार होते. पण पाळण्यात खरं बाळ दिसताच सवयीनं बारशात शिरले. ती चूक देवानंच घडवली म्हणा. जयाआजी गुडघ्यावर हात टेकत उठली.

"मी आत्या," ती म्हणाली. "माझ्या दादाला मूल झालं असतं तर मीच होते आत्या. त्र्याऐंशी वर्षांत एकदाही नाही झाले."

ती पाळण्यावर वाकली. चिनी बाळाच्या इवल्या कानाला तोंड लावलं आणि सिन्नरच्या खणखणीत आवाजात म्हणाली, "त्र्यंबक! कुर्रर्र!"

आणि आम्ही सगळ्याजणींनी, रीतच ती, तिच्या पाठीत धपाधप धपके घातले.

लिम मंडळी किंचाळली. "व्हाय यू बीट ग्रँडमा?" सेल्वम अंकल आजीला वाचवायला मध्ये घुसले, त्यांच्याही पाठीत दोन बसले. आजी पाळण्याची दांडी धरून हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मारा गं, जोरात मारा! फार दिवस तुंबलं होतं!"

मग आरती झाली, लिम आजींच्या पार्टीचा अर्धा तास खाऊन. त्यांनी तो परत मागितला नाही. सुंठवडा त्यांना गेला, तांबडी अंडी आम्हाला आली. बुवा शुद्ध शाकाहारी. पण प्रसाद नाकारायचा कसा? त्यांनी अंडं दोन्ही हातांनी कपाळाला लावलं आणि सेल्वम अंकलना दिलं. जयाआजीनं मात्र पदराखाली दोन ठेवली. विचारू नका कुणासाठी.

निघताना लिम आजींनी इराला विचारलं, तुझ्या पणजीनं बाळाला काय नाव सांगितलं?

"तिच्या ब्रदरचं," इरा म्हणाली. "ही वॉज अ कुक लाह. व्हेरी बॅड डाळ. सगळे अँग्री झाले, मग सगळ्यांनी मिळून फिक्स केली, अँड देन बिकेम वन कंट्री."

लिम आजींनी गंभीरपणे मान हलवली. "गुड," त्या म्हणाल्या. "कुक इज गुड. बेबी विल नेव्हर बी हंग्री." आणि बाळाला उचलून त्यांनी त्या कानावरून अलगद हात फिरवला, आत गेलेलं बाहेर पडू नये तसा.

जयाआजी सोमवारी गेली. विमानात हवाईसुंदरीनं दिलेली डाळ खाऊन म्हणाली म्हणे, "दादाच्या हातची दिसते."

तेव्हा बाबांनो, बायांनो, एवढं करा. तुमच्या घरी कधी आमटी बिघडली, आणि सासू-सून, बाप-लेक, सगळी एका सुरात ओरडायला लागली, तर रागावू नका. प्रत्येकानं आपल्या हातानं एकेक चिमूट टाका, आणि पहिला घास घ्यायच्या आधी सिन्नरच्या त्र्यंबकदादाची आठवण काढा.