ठकूबाईंचं गोंदण

सोमवारी सकाळी, चहाच्या वेळी, ठकूबाईंच्या हनुवटीवरचे तीन ठिपके उठले आणि मुंग्यांसारखे रांगेनं गळ्याखाली उतरले. मागोमाग दंडावरची तुळस निघाली, मनगटावरचा विंचू निघाला. सत्तर वर्षं एका जागी बसून सगळ्यांचे सांधे धरले असावेत. चालत होती सावकाश.

“तुझ्याकडं निघालीत ती,” ठकूबाई लेकीला म्हणाल्या. “माझं काय, पिकलं पान. हात पुढं कर, हेमे.”

हेमलतानं हात पुढं केला. सोनंनाणं इथंच राहतं, वर सोबत येतं ते गोंदण, असं आई लहानपणापासून सांगत आली होती. वरच्या दारात आई लेकीला ओळखते तीही त्यावरूनच.

विंचू तिच्या मनगटापर्यंत आला नि थांबला. पुढं एक चकचकीत डाग होता. बाविसाव्या वर्षी, बघायला पाहुणे येणार म्हणून, हेमलतानं चुना आणि धुण्याचा सोडा कालवून तिथलं गोंदण जाळलं होतं. मुलगा बँकेतला; त्याला खेडवळ बायको कशी चालणार? आईला सांगितलं, दूध उतू गेलं, भाजलं. आईनं काही न विचारता खोबरेल लावलं. घरात त्या दिवशी दूध नव्हतंच.

विंचवानं डागावर पाय टाकून बघितला. घसरला. मग सगळीच वळली आणि शेजारी बसलेल्या नातीच्या, ऋजुताच्या, हातावर चढली. तिथं टॅटू स्टुडिओतून काढून आणलेला एक देवमासा होता. त्याला वळसा घालून ती ऐसपैस बसली.

“आई गं, कसलं भारी!” ऋजुता म्हणाली. “ऑफिसात जळतील सगळ्या.”

“आमच्या वेळी लोक नाकं मुरडायचे.”

“तुमच्या वेळचे लोक बावळट होते.”

“त्यात मीही होते,” हेमलता म्हणाली.

ठकूबाई आता धुतलेल्या पाटीसारख्या कोऱ्या दिसत होत्या. त्यांनी ऋजुताचा हात ओढून घेतला, विंचवावरून बोट फिरवलं. “हेमे, किती वाळलीस गं!”

“आज्जी, मी ऋजुता. आई ही काय, इथं बसलीय.”

ठकूबाईंनी नीट निरखून पाहिलं. “असेल बाई, कुणाची तरी.”

हेमलताची खुर्ची दाराकडं हातभर सरकली.

“आई, मीच हेमा. ते दूध नव्हतं गं. मी खोटं बोलले.”

“दुधाचं काय एवढं,” ठकूबाई अगत्यानं म्हणाल्या. “चहा घेतला ना तुम्ही?”

खुर्ची आणखी सरकली. मधली फरशी वाढत गेली. पलंग, आई, लेक, सगळं लांब गेलं. हेमलता ओरडून सांगू लागली, “तुमच्या पाठीवर तीळ आहे! तुम्हाला कारल्याची भाजी—” आईला आपण ‘तुम्ही’ म्हणालो, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा खुर्ची उंबऱ्याला टेकली होती.

“बाई निघाल्या वाटतं,” लांबून आवाज आला. “हेमे, तशीच कशी धाडतेस? कुंकू लाव त्यांना.”

ऋजुता करंडा घेऊन त्या लांबच लांब फरशीवरून चालत आली. पोहोचली तेव्हा तिला धाप लागली होती, डोळे भरले होते.

“काय करू, आई?”

बोटावर कुंकू होतं. त्याच्या मागं, अगदी जवळ, तुळशीचं पान न् पान दिसत होतं.

“लाव,” हेमलता म्हणाली, आणि पदर सावरून तिनं कपाळ पुढं केलं.