मलबार हिलला लावलेला फोन

“यहाँ कोई हिंदुराव नहीं है,” पलीकडून बाईचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

दहिवडीच्या एसटीडी बूथमध्ये येसूबाई हातातल्या रिसिव्हरकडे बघत राहिली. शहाण्णव सालचा उन्हाळा. पहाटे तिचे सासरे जोतिबा गेले होते. मयत अंगणात ठेवून ती त्यांच्या एकुलत्या एका लेकाला, आपल्या नवऱ्याला, कळवायला आली होती.

हिंदुराव मुंबईत मलबार हिलवरच्या एका बंगल्याचा राखणदार. सुट्टीला आला की तिथलं सांगायचा. समोर दर्या, दारात परदेशी गाड्या, आणि रोज सकाळी अख्खं अंगण पाईपनं धुतात. “फरशीला पानी?” जोतिबा दर वेळी तेवढंच विचारायचे. टँकरची वाट बघत बसलेल्या बाया येसूबाईला ‘मलबार हिलवाली’ म्हणायच्या. तिलाही ते बरं वाटायचं.

तिनं पुन्हा नंबर लावायला सांगितला.

“आवं, आमच्या मालकाला द्या. मालक!”

“मालिक सो रहे हैं।”

“तुमचं न्हाई वो, माझं मालक!”

पलीकडची बाई चिडली. बूथवाल्या लालासाहेबानं रिसिव्हर ओढून घेतला. “मेमसाब, इनका घरवाला आपके गेटपर वॉचमन है. उसका बाप मर गया.”

“वॉचमन? तो बहादुर बोलो ना! आज घर में पार्टी है। बाद में बता दूँगी।”

“आत्ताच सांगा म्हनावं!” येसूबाई ओरडली, पण फोन खाली ठेवला गेला होता. त्यानंतर तो कुणी उचललाच नाही.

ती घरी परतली तेव्हा ऊन चढलं होतं. “येसू, आता ठिवून न्हाई चालायचं,” म्हातारी माणसं म्हणाली. ती त्यांच्यावर खेकसली, भांडली, रस्त्यापर्यंत जाऊन वाट बघून आली. शेवटी हिंदुरावाच्या चुलतभावानं, ज्ञानूनं मडकं धरलं.

हिंदुराव दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला आला. अंगावर बंगल्याचाच गणवेश.

“पाव्हनं गेल्यावर सांगितलं बाईनं,” तो म्हणाला. “तवा शेवटची गाडी सुटली हुती.”

“ह्यो बहादूर कोन?” येसूबाईनं विचारलं.

तो खाली बघू लागला. “माझ्या आधी नेपाळी हुता. त्याचं नाव. मी माझं सांगितलं हुतं एकदा. बाई व्हय म्हनल्या. दुसऱ्या दिवशी पुन्ना त्येच.”

“मग तुमी काय केलं?”

“ओ दिली.”

बूथपासून तोंडाशी दाटलेलं सगळं तिला बोलायचं होतं. पण तो वहाणा काढून ओढ्याकाठच्या मसणवाट्याकडं निघाला होता. तीही मागं गेली.

राख अजून सावडायची होती. हिंदुराव राखेभोवती एक फेरी फिरला आणि थांबला.

“पाय कुनीकडं हुतं?”

तिनं हात केला. तो त्या बाजूला गेला, गुडघे टेकून त्यानं जमिनीला कपाळ लावलं, आणि बराच वेळ वर उचललं नाही.