मालकानं तोंड उघडायचं नाही

आईच्या पैशातले एकाहत्तर हजार रुपये मी एका दुपारी उडवले. चोरून नव्हे. शोरूमच्या गार हवेत बसून, रीतसर कागदावर लिहून उडवले. पैसे तिचे आहेत हे मला ठाऊक नव्हतं. समोर बसलेल्या मारुतीरावाला ठाऊक होतं आणि तो मला उडवू देत होता. पण सुरुवात मी केली, हे आधीच कबूल करते. आणि हेही सांगते की त्या दुपारी मला जी मजा आली, तशी आयुष्यात कधी आली नव्हती.

मी बेळगावात गाड्या विकते. सात वर्षं झाली. मराठी, कन्नड, हिंदी, गिऱ्हाईक ज्या भाषेत तोंड उघडेल त्या भाषेत मी हसते. महिन्याला आठ गाड्या गेल्या पाहिजेत, नाहीतर आमचे मॅनेजर नागेंद्र सर सकाळच्या मीटिंगला सगळ्यांच्या देखत उभं करतात आणि कन्नडमधून असं बोलतात की न कळणाऱ्यालाही कळावं. त्या महिन्यात माझ्या सहा गेल्या होत्या आणि दोन दिवस उरले होते.

मारुतीराव आमच्या गावचा. गाव संकेश्वराच्या पलीकडं, उसाच्या पट्ट्यात. माझी आई पारूबाई, तिनं सव्वीस वर्षं त्याच्या उसात भांगलण केली. संध्याकाळी पैसे द्यायच्या आधी तो काठी घेऊन सरीसरीनं फिरायचा. कुठं तण राहिलेलं दिसलं की काठी टेकवायचा आणि म्हणायचा, हे काय राहिलंय. एका तणाला दोन रुपये कापायचा. चाळीस रुपये हजेरी, त्यातले कधी बत्तीस मिळायचे, कधी अठ्ठावीस. तेही हातावर नाहीत, वरनं पदरात टाकायचा, आमच्या बोटाला बोट लागायला नको म्हणून. शाळेला सुट्टी असली की मी बांधावर बसून हे बघायची. आई एक शब्द बोलायची नाही. खरं सांगायचं तर मला त्याच्यापेक्षा तिचाच जास्त राग यायचा.

आणि तरी गावात कुठलाही मोठा सौदा असला की याच मारुतीरावाला पुढं घालायची पद्धत आहे. म्हैस घ्यायची असो, जमीन असो, लग्नाचा बँड ठरवायचा असो, बोलणार तो. ज्याचे पैसे, तो मागं गप्प उभा. मालकानं तोंड उघडलं की सौदा फिसकटतो, असं सगळे धरून चालतात. खरं घेणारं कोण हे समोरच्याला कळूच द्यायचं नाही, म्हणजे त्याची गरजही कळत नाही. आमच्या वस्तीतली माणसंसुद्धा त्यालाच नेतात, कारण आमच्या तोंडाला कोण भाव देतंय. हे सगळं मी लहानपणापासून बघितलेलं. त्या दुपारी मात्र त्यातलं काही आठवलं नाही. डोक्यात राग बसला होता, दुसऱ्या कशाला जागा नव्हती.

तर गुरुवारी दुपारी त्याची जीप शोरूमसमोर थांबली. तो उतरला, पांढरे कपडे, पायात करकर वाजणाऱ्या वहाणा. त्याच्या मागनं माझी आई उतरली. सात वर्षांत ती इथं कधी आली नव्हती, कितीदा बोलावलं तरी. नवं लुगडं नेसली होती, काखेत पिशवी. मारुतीराव म्हणाला, गाडी बघायला येतच होतो, म्हटलं पारू, चल, पोरीला बघून ये. आईनं नुसती मान हलवली. मला वाटलं, कळलं तुझं राजकारण. आईला पुढं उभी केली की पोरगी भाव पाडेल, म्हणून हिला जीपमध्ये घालून आणलीस. सव्वीस वर्षं राबवून पोट भरलं नाही, आता हिच्या तोंडाकडं बघून सूट पाहिजे. आईला मी लांबच्या सोफ्यावर बसवलं, चहा दिला आणि मनात म्हटलं, ये मारुतीराव, बस माझ्यासमोर.

त्याला लहान गाडी पाहिजे होती. बाईमाणसाला चालवायला सोपी, गल्लीतनं वळणारी. मी समजले, लेकीसाठी असणार. त्यानं म्हैस बघावी तशी गाडी बघितली. बॉनेट अंगठ्यानं दाबलं, पत्रा पातळ हाय म्हणाला. टायरला लाथ घातली. दार चारदा उघडून चारदा लावलं. मग टेबलाशी येऊन खिशातनं पेपरातली आमचीच जाहिरात काढली. बेचाळीस हजारापर्यंत सूट, असं त्यात ठळक छापलेलं. ती सरळ माझ्यासमोर ठेवून म्हणाला, एवढी दे, जास्त मागत न्हाय.

बेचाळीस हजार त्याला मिळायला पाहिजे होते. ही रास्त सूट होती, कुणालाही दिली असती. वीस हजार कंपनीचे, बारा हजार गेल्या वर्षी बनलेल्या गाडीवरचे, आणि दहा हजार असे की ते द्यायला मला नागेंद्र सरांना विचारावंही लागत नाही.

मी कोरा कागद घेतला, तिन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि पहिल्यावर पेन टेकवलं. हे सरकारी नोकरांना असतं, म्हटलं, तुम्ही कुठं नोकरीला हाय? कापलं. दुसऱ्यावर टेकवलं. गेल्या वर्षीच्या गाड्या संपल्या. मागच्या अंगणात चार उभ्या होत्या. कापलं. तिसऱ्यावर टेकवलं. ही आमची मर्जी असते अण्णा, आज मर्जी न्हाय. तेही कापलं. पेन टेकवायचं, जरा थांबायचं, आणि मग रेघ ओढायची. मी मुद्दाम सावकाश करत होते, त्याला आठवावं म्हणून. आणि त्याला आठवलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, ते बघून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

त्यानं मागं वळून आईकडं बघितलं. आई मांडीवरच्या पिशवीकडं बघत होती. मग तो खाली वाकून, बारीक आवाजात म्हणाला, "उपासना, जरा नीट बघ. गरिबाचा पैसा हाय ह्यो."

यावर मी हसले. मोठ्यानं हसले. शेजारच्या टेबलावर एक नवराबायको रंग ठरवत बसले होते, ते बघायला लागले. केबिनच्या काचेतनं नागेंद्र सरांनी मान वर केली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "तुम्ही कधीपासनं गरीब, अण्णा? माझ्या आईच्या चाळीस रुपयांतले बारा कापत होता, तेव्हा गरीब कोण होतं?"

आई सोफ्यावरनं अर्धी उठली. तिचं तोंड उघडलं होतं. मारुतीरावानं तिच्याकडं न बघताच हात वर केला, थांब म्हणून, आणि ती बसली. माझ्या अंगाची आग झाली. अजून त्याच्या हातावर बसती-उठती ही, असं वाटलं. आता याला सोडायचं नाही, असं ठरवूनच टाकलं.

"एकदा अजून विचार कर," तो म्हणाला. मी म्हटलं, विचार करून झालाय.

तिथनं पुढं तो बदलला. रुमालानं तोंड पुसलं, खुर्चीत मागं रेलला आणि हसून विचारलं, आणि काय काय घालायचं असतं गाडीला? मी यादी काढली. सीटकव्हरं? घाल. रंगाला वरनं लेप देतात तो? घाल. दोन वर्षांची जादा वॉरंटी? घाल की. खालच्या चटया, मागचा कॅमेरा, परफ्यूमची बाटलीसुद्धा? घाल, घाल. कोथिंबिरीच्या पेंडीला दहा मिनिटं घासाघीस करणारा माणूस एकेका आकड्याला घाल म्हणत होता, आणि मला त्यात काही खटकलं नाही. मला वाटलं, मोडला. लोकांसमोर इज्जत जाऊ नये म्हणून आता पैसे सोडतोय. एकोणतीस हजार वर चढले. बेचाळीस आणि एकोणतीस, बेरीज मी तोंडीच केली. लहानपणी बांधावर बसून जेवढं कापलेलं बघितलं, ते सगळं आज वसूल, असं मनात म्हणत होते. हात नुसता पळत होता कागदावर.

शेवटी फॉर्म पुढं ओढला आणि विचारलं, गाडी कुणाच्या नावावर करायची?

"लिही," मारुतीराव म्हणाला. "उपासना भीमसेन कांबळे."

हातानं लिहून टाकलं. वडिलांच्या नावापर्यंत लिहिलं आणि मग हात थांबला. मी वर बघितलं. तो माझ्याकडं बघत नव्हता, सोफ्याकडं वळला होता. "पारू, ये. सौदा झाला. आता बोल काय बोलायचं ते."

आई आली. पिशवीतनं प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं चेकबुक काढून टेबलावर ठेवलं. हायवे रुंद करताना आमची घराची जागा गेली, त्याचे नऊ लाख साठ हजार तिच्या खात्यावर आले होते. मी तिला दहादा सांगितलं होतं, घर बांध. गेल्या वर्षी खानापूर रोडला मी स्कूटरवरनं पडले, हात दोन महिने गळ्यात होता. तेव्हाच तिनं ठरवलं, घर नको, पोरीला गाडी. मला सांगितलं असतं तर मी घेऊ दिली नसती. दुसरीकडं घेतली असती तर माझ्या नोकरीला उपयोग नव्हता. म्हणून माझ्याच शोरूमला आली, आणि पद्धतीप्रमाणं मारुतीरावाला पुढं घालून आली. हे सगळं तिनं मान खाली घालून, चारपाच वाक्यांत सांगितलं.

मारुतीराव उठला. "मी तुला दोनदा सांगितलं," तो म्हणाला. "गरिबाचा पैसा हाय म्हटलं, विचार कर म्हटलं. चारचौघांत माझी अब्रू काढलीस, मग म्हटलं, काप तर काप. माझ्याच बांधावर शिकलीस, बरोबर शिकलीस." आणि वहाणा करकरवत बाहेर जीपकडं गेला. मला त्याच्या मागं धावून थोबाडीत मारावीशी वाटली. पण कुठल्या तोंडानं मारणार होते?

मी कागद ओढला, खाडाखोड करायला लागले. आईला म्हटलं, थांब, सगळं परत मांडते. बेचाळीस हजार सूट आहे, मागं चार गाड्या उभ्या आहेत, हे कव्हरं-चटया सगळं काढून टाकते. नागेंद्र सर केबिनमधनं आले होते. काय झालं ते त्यांना कळलं असावं, कारण कन्नडमधनं हळूच म्हणाले, बदल, मी सही करतो. तो माणूस सात वर्षांत माझ्याशी एवढ्या मायेनं कधी बोलला नव्हता.

आईनं कागदावर हात ठेवला. "मग मघाशी सूट का न्हवती?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "ते त्याच्यासाठी होतं, आई. फक्त त्याला."

"त्योबी म्हणायचा," आई म्हणाली, "तण फक्त तुझ्याच सरीत राहतंय."

माझ्या डोळ्यांतनं पाणी आलं, लोकांच्या देखत आलं, त्याची लाज वाटली नाही. मी तिचा हात धरला, सोडवायला बघितला. उन्हातान्हात राबलेला हात, हलेना. आई, तुझे पैसे आहेत गं, म्हटलं, तुझ्या घराचे पैसे आहेत. काहीतरी बोल, शिव्या दे, पण हे एवढं बदलू दे मला.

"कमी करू नगंस," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "सव्वीस वर्सं त्यो कापत हुता, तवा मी गप बसले. का, तर पोरगी शिकल, त्याच्यासारखी हुणार न्हाय. आज तू कापलंस. गप बसायची सवय हाय मला."

मग तिनं टेबलावरचं माझंच पेन उचललं आणि चेकवर सही केली. प्रौढांच्या वर्गात शिकलेली सही, एकेक अक्षर थांबून, पारूबाई भीमसेन कांबळे. चेक माझ्याकडं सरकवला, चेकबुक परत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं, पिशवी काखेत घेतली. राहा आजचा दिवस, मी म्हटलं, संध्याकाळी मी सोडते. ती ऐकून घेतल्यासारखं थांबली, माझ्या गालावरनं एकदा हात फिरवला, आणि बाहेर जाऊन मारुतीरावाच्या जीपमध्ये मागच्या बाकावर बसली.